हासोचं मुसकं

आमच्या शेजारच्या इम्केला स्वतःच्याच कुत्र्याची भीती वाटते, हे गावात माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. लोकांना वाटायचं, नवऱ्याची आठवण म्हणून ती हासोला जपते. जपते कसली! तो खोलीत आला की ही भिंतीला चिकटायची.

हासो मुळात एन्नोचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. एन्नो शुद्धीवर असला की समुद्राच्या बांधावरच्या मेंढ्यांशीसुद्धा गोड बोलायचा आणि प्यायला की घर डोक्यावर घ्यायचा. मग इम्के माडीवरच्या खोलीत जाऊन बसायची आणि हा काळा धिप्पाड प्राणी उंबऱ्यात आडवा पडायचा. "मी पळून जाऊ नये म्हणून एन्नो त्याला वर पाठवतो," असं ती मला सांगायची. मीही ते खरंच मानलं होतं.

एन्नो गेला. त्याला पुरून आल्यावर घरी चहा आणि केक चालला होता, तेवढ्यात त्याचा चुलत भाऊ फोकर झिंगून आला. "आता हे घर कोणाचं, सांग!" म्हणत तो इम्केच्या अंगावर धावला आणि हासोनं त्याचा हात दातांत धरला. टाके पडले. फोकरनं तक्रार केली आणि नगरपालिकेचा हुकूम आला: कुत्रा धोकादायक, बाहेर नेताना पट्टा आणि मुसकं, शिवाय त्याच्या स्वभावाची परीक्षा. नापास झाला तर इंजेक्शन देऊन संपवणार. इम्के घरातही त्याचं मुसकं काढत नव्हती. खाण्यापुरतं मी जाऊन काढायचे.

परीक्षेला मीच दोघांना गाडीतून नेलं. मागे हासो धापा टाकत होता.

"नापास झाला तर सुटले गं मी," इम्के म्हणाली.

"असं बोलू नये, बाई. मुका जीव आहे तो."

"एन्नोच आहे तो! तुझं काय जातं? तू मुसकं बांधतेस आणि आपल्या घरी जातेस. मी त्याच्याबरोबर राहते."

मी आरशातून मागच्या हासोकडे पाहिलं.

मैदानावर परीक्षा घेणाऱ्या, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी हासोचं मुसकं काढून माझ्या हातात दिलं. पट्टा मालकिणीनंच धरायचा, असा नियम. इम्के पांढरीफटक पडली.

"सैल धरा हो जरा," बाई म्हणाल्या. "तुमची भीती त्याला कळते."

"मग त्याला सांगा ना, घाबरवू नकोस म्हणून!"

परीक्षा सुरू झाली. हासोच्या तोंडासमोर कोणीतरी छत्री फाडकन उघडली. सायकलवाला घंटी वाजवत अगदी जवळून गेला. हासो दचकला, पण जागचा हलला नाही. मग दारुड्याच्या सोंगाची पाळी आली. तो बाईंचा मदतनीस होता. मघाशीच आमच्याशी हसून बोलला होता. पण बाटली हलवत, झोकांड्या खात, "ए बये, इकडे ये!" असं ओरडत तो निघाला आणि मलाच एन्नो आठवला.

इम्के तर भानावरच नव्हती. ती मागे सरकली, गुडघ्यांवर बसली आणि हासोच्या मागे लपली. ज्याला कधी बोट लावलं नव्हतं, त्याच्या मानेचे केस तिनं दोन्ही मुठींत धरले. आता हा वळून तिचा चावा घेणार, असं वाटून मी डोळे मिटले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर हासो दोघांच्या मध्ये उभा होता. गुरगुरणं नाही, झेप नाही. माणूस ओरडून ओरडून परत फिरला.

"पास," बाई म्हणाल्या. "आता मुसक्याची गरज नाही."

इम्के तशीच बसून होती. मी तिला उठवायला गेले.

"वरच्या खोलीतून मला हासोची पाठच दिसायची गं," ती म्हणाली. "तोंड कायम जिन्याकडे. एन्नो जिना चढून यायचा, उंबऱ्यापाशी थांबून शिव्या द्यायचा आणि खाली जायचा. मला वाटायचं, एन्नोला माझी दया आली."

गाडीपाशी मी सवयीनं मुसकं पुढे केलं.

"राहू दे," ती म्हणाली आणि मागचं दार उघडून हासोशेजारी बसली. घरी पोचेपर्यंत तिचे दात वाजत होते, पण ती त्याला टेकून बसली होती.