पाचपैकी दोन मार्क

आमची पोस्ट बारा हजार फुटांवर होती. माणसं अठरा. पोस्ट कमांडर मी, नायब सुभेदार साळवे. शिक्षण आठवी. पण त्या डोंगरात रस्ता कुठून धरायचा हे मला कोणा बी.ए.वाल्याने शिकवायची गरज नव्हती. सकाळी साडेसहाला पार्टी निघायची, पुढच्या पोस्टपर्यंतचा रस्ता तपासायची आणि दुपारी एकच्या आत परत यायची. सगळ्यात पुढे मी. हातात काठी, बर्फ टोचत जायचं. दोन हिवाळे हाच नियम. नियम मीच केला होता.

त्या वर्षी वरून एक ऑनलाइन सिस्टीम आली. खालच्या माणसांनी आपल्या कमांडरला मार्क द्यायचे. वीस प्रश्न, प्रत्येकाला पाचपैकी. शेवटी एक रिकामा चौकोन, त्यात मनातलं लिहायचं. लिहिणाऱ्याचं नाव दिसत नाही. मला हे तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. ज्याने हुकूम ऐकायचा त्यानेच मार्क द्यायचे, मग हुकूम कोण देणार?

बेसवर उतरलो तेव्हा माणसं कॉम्प्युटरपुढे लाइनीत उभी केली. मागे प्लाटून हवालदार. "सगळ्यांनी पाच-पाच दाबा आणि चहाला चला." सगळीकडे असंच चालायचं. पासवर्डसुद्धा सगळ्यांचा एकच, आमचा क्लार्क जाधव याने ठेवलेला.

संध्याकाळी जाधवने माझा रिपोर्ट उघडला. सगळीकडे पाच. एका प्रश्नाला मात्र कोणीतरी दोन दिले होते. प्रश्न होता, कमांडर खालच्या माणसावर जबाबदारी टाकतो का.

"साहेब, चौकोनात पण लिहिलंय. वाचू?"

"बंद कर."

"दोन ओळी तर आहेत."

"जाधव, बंद कर म्हटलं ना."

फॉल-इनला सगळे उभे असताना मी विचारलं, दोन कोणी दिले. हे विचारायचं नसतं. मी विचारलं. लान्स नाईक संदीप तांबे एक पाऊल पुढे आला. वय एकोणतीस, दापोलीकडचा, तीन वर्षं माझ्याच हाताखाली.

"मी, साहेब."

"का रे?"

"लिहिलंय, साहेब."

मी म्हटलं, "लाइनीत जा." विषय तिथे संपला. माझ्या डोक्यात नाही संपला.

पोस्टवर परतलो. चौथ्या दिवशी सकाळी ६.२० ला पार्टी उभी राहिली. सात माणसं. हवा साफ होती. मी काठी तांबेच्या हातात दिली.

"आज तू पुढे. मला दोन मार्क दिलेस ना? घे मग जबाबदारी."

बाकीचे हसले. तांबे पण हसला. "ठीक आहे, साहेब." मी तिसऱ्या नंबरवर गेलो.

८.१० ला नाल्याच्या वरचा बर्फ सुटला. आवाज असा झाला नाही. कोणी चादर ओढावी तसा पट्टा खाली आला आणि तांबे दिसेनासा झाला. मागचा माणूस कमरेपर्यंत गाडला गेला, त्याला आम्ही ओढून काढला. मी रेडिओ घेतला.

"चार्ली बेस, चार्ली एक. एक माणूस बर्फाखाली. पुढचा. ओव्हर."

"साळवे साहेबांना शोधा! सगळे कामाला लागा! ओव्हर."

"साळवे बोलतोय. पुढे तांबे होता. ओव्हर."

पुढे मीच असणार, हे बेसलासुद्धा पाठ होतं.

१०.५५ ला तांबे सापडला. गेला होता.

चौकशी झाली. रस्ता बरोबर धरला होता, कोणाची चूक नाही, असं लिहून आलं. मी पुढे असतो तर मीही तिथूनच गेलो असतो. म्हणजे बर्फाखाली मी असतो. ह्याच्यात चौकशीला काही करता येत नाही.

त्याचं सामान घेऊन मी घाटकोपरला गेलो. त्याची बायको सुनंदा तिथे माहेरी राहत होती. तिने पेटी उघडली नाही. मला म्हणाली, "साहेब, पुढे नेहमी तुम्ही असायचात. हे फोनवर सांगायचे. त्या दिवशी हेच कसे पुढे?"

मी म्हटलं, "ड्युटी होती."

त्यानंतर दर वर्षी त्या तारखेला मी जातो. ती पाणी ठेवते. बोलत नाही. मीही बोलत नाही. तिच्या मनात काय आहे ते मला माहीत होतं. साहेबाने जीव वाचवायला माझा नवरा पुढे घातला.

गेल्या महिन्यात जाधवचा फोन आला. तोही रिटायर झालाय, बोरिवलीला असतो.

"साहेब, ती मार्कांची सिस्टीम बंद होतेय."

"बरं झालं. दहा वर्षं उशीर झाला."

"जुनं सगळं पुसणार. ज्याला आपला रिपोर्ट हवा त्याने शुक्रवारी चारच्या आत इथल्या मुंबईच्या ऑफिसात येऊन काढायचा." मग थांबून म्हणाला, "तुमचा चौकोन असेल अजून."

"तू वाचला होतास?"

"तुम्ही बंद कर म्हणालात, मी बंद केला."

तीन दिवस मी घरातून हललो नाही. कागदात काही वाईट निघालं तर? आणि चांगलं निघालं तर काय करू? शुक्रवारी मुलुंडहून निघालो. ऑफिसात पोहोचलो तेव्हा ३.१५ झाले होते. जाधव आधीच येऊन बसला होता. काउंटरवरची बाई म्हणाली, "काका, सर्व्हर स्लो आहे, बसा."

"काका नाही. नायब सुभेदार."

"बरं, नायब सुभेदार साहेब, बसा."

पासवर्ड जाधवने घातला. तोच होता. कोणी बदलला नव्हता. ३.४० ला प्रिंट निघाली. माझा चष्मा नीट नाही, पण एवढं मी स्वतः वाचलं.

"साहेब प्रत्येक वेळी स्वतः पुढे जातात. त्यांचे वय झाले, दम लागतो, कबूल करत नाहीत. एकदा मला पुढे पाठवावे. मला रस्ता माहीत आहे."

जाधव खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, "साहेब, त्याने स्वतःच मागितलं होतं. दाखवा तिला. सुटलात तुम्ही."

घाटकोपरपर्यंत मीही तोच विचार करत गेलो. कागद पुढे ठेवायचा, एक शब्द न बोलता उठायचं. एवढी वर्षं पाणी पिऊन उठलो, आज ताठ मानेने उठायचं.

सुनंदा नुकतीच कामावरून आली होती. तारीख नसताना मी कसा, म्हणून दारातच थांबली. मी कागद दिला. तिने उभ्यानेच वाचला. मग परत वाचला.

"हे त्यांनी लिहिलं?"

"हो."

"म्हणून पाठवलंत?"

हो म्हटलं असतं तर संपलं होतं. कागद माझ्या बाजूने होता आणि सिस्टीम चार वाजता बंद झाली होती.

"नाही," मी म्हटलं. "हे मी आज वाचलं. त्या दिवशी मी रागात पाठवला. त्याने मला कमी मार्क दिले म्हणून. सगळ्यांसमोर टोमणा मारून पाठवला."

ती खाली बसली. कागद मांडीवर ठेवला.

"एवढी वर्षं का नाही बोललात?"

"जीभ रेटली नाही."

"दम लागतो, कबूल करत नाहीत," ती कागदाकडे बघत म्हणाली. "घरी पण हेच सांगायचे. आमचा म्हातारा लई हट्टी आहे म्हणायचे." मग म्हणाली, "कागद मी ठेवून घेते."

"ठेव."

"आणि यापुढे आलात तर बोलत जा. नुसतं पाणी पिऊन जाऊ नका."

त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. किती वाजता निघालो, कोण कितव्या नंबरला होतं, बर्फ कसा होता. पावणेदोन तास चाललेला तो रस्ता मी तिला बोटाने जमिनीवर काढून दाखवला.

लान्स नाईक संदीप तांबे. त्या दिवशी पार्टीच्या पुढे तो होता. दीड तासापेक्षा जास्त वेळ त्याने आम्हा सहा जणांना नेलं, आणि त्यात त्याचं एकही पाऊल चुकलं नव्हतं. मी मागून बघत होतो. त्याला हे मी सांगितलं नाही.