सेन्सरवर चीक बसला असेल, नाना

नानांच्या घड्याळाचं तोंड मी बंद करायला लावलं.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. घड्याळाचं हे आज सकाळपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं.

नाना म्हणजे माझे काका. चोपड्याजवळ केळीची बाग. चाळीसेक वर्षं त्यांनी केळीशिवाय दुसरं काही केलं नाही.

मी कोण ते तुम्हाला माहीतच आहे. याच प्रोफाइलवर रोज अक्कल पाजळणारा देवपूरचा प्राणी. कुठला फोन डबडा, कुठलं अपडेट आल्या आल्या मारू नका, कुठली गाडी शून्य ते शंभर किती सेकंदांत जाते. स्वतः चालवतो जुनी स्कूटर, मतं मात्र सगळी टर्बो.

शिक्षण बी.कॉम. तरी घरात कुणाला साधा चार्जर घ्यायचा असला तर मला फोन.

मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

नाना तर दुकानात उभं राहून दुकानदाराच्या हातात फोन द्यायचे. "मन्हा भाऊशी बोल. त्याले बठ्ठं समजस." भाऊ म्हणजे मी, बठ्ठं म्हणजे सगळं.

स्मार्टवॉचही मीच निवडलं. कंपनी, मॉडेल, पट्ट्याचा रंगसुद्धा. नाना ते उजव्या हाताला बांधायचे आणि गावात कुणी भेटलं की हात पुढे करून पावलं दाखवायचे.

एका दुपारी त्यांचा फोन आला.

मी तेव्हा जळगावला एका शोरूममध्ये होतो. एक भारी स्पोर्ट्स कार आली होती, नुसती बघायला गेलो होतो. सेल्समनने सीटवर बसू दिलं म्हणून स्टेअरिंग धरून सेल्फी चालले होते.

"भाऊ, येळ शे का?"

"बोला नाना, पटकन."

"हाई घड्याय सकायपासून बोंबली राहिनं. ठोके बराबर नहीत म्हणस. तीनदा सांगं त्यानी."

"तुम्ही काय करत होता तेव्हा?"

"काहीच नही. खाटवर बसेल शे."

इथे थांबायला हवं होतं. बसलेल्या माणसाला घड्याळ तीनदा सांगतंय. मीच इथे त्या फीचरवर केवढी लांब पोस्ट लिहिली होती.

पण समोर सेल्समन इंजिन स्टार्ट करून दाखवणार होता.

"नाना, तुम्ही बागेत घालून जाता ना? सेन्सरवर चीक बसला असेल. म्हणून चुकीचं दाखवतंय."

केळीचा चीक ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. अंगावर पडला की वाळून काळा होतो आणि कपडा फाटेपर्यंत जात नाही. नानांचा एकही सदरा त्यातून सुटला नव्हता.

नानांनी घड्याळ काढून बघितलं असावं.

"चीक तं नही शे, भाऊ. मांगलीकडनी काच साफ शे."

आणि मी म्हणालो, "दिसत नाही तो, नाना. बारीक थर असतो."

चाळीस वर्षं केळीत घालवलेल्या माणसाला मी चीक शिकवला.

चीक न दिसणारा असतो का? नानांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. लहानपणी सुटीत त्याच बागेत माझा शाळेचा शर्ट काळा झाला होता आणि आईने मला झोडपलं होतं.

तरी नाना एवढंच म्हणाले, "रॉकेलघाई पुसू का मंग?"

"नको नाना. ओल्या फडक्याने पुसा. आणि थांबा, ते नोटिफिकेशनच बंद करू. उगाच टेन्शन."

मग मी त्यांना एकेक पायरी सांगितली. सेटिंगमध्ये जा. खाली या. हार्टचं चित्र दिसतंय का? त्यावर दाबा. आता ते हिरवं बटण डावीकडे सरकवा.

"आते गप बसनं," नाना म्हणाले. आवाजात केवढं समाधान होतं. "तू शे म्हनीसन बरं शे."

बारा दिवसांनी ते बागेतच गेले. बांधावर पाणी प्यायला बसले आणि आडवे झाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही लक्षणं होती का? काही जाणवलं होतं?"

काकू म्हणाल्या, "नही."

मी काकूंच्या शेजारी उभा होतो. मी काहीच बोललो नाही.

तेराव्यानंतर पंधरा दिवसांत मी इथे एका इलेक्ट्रिक गाडीच्या पिकअपवर पोस्टही टाकली. तुम्ही लाइक केलीत. तुमचा काय दोष.

घड्याळाने सांगितलं म्हणून नाना वाचलेच असते असं नाही. मी डॉक्टर नाही. पण ते दाखवायला तरी गेले असते.

आज वर्षश्राद्धाला चोपड्याला आलोय. सकाळी काकू मागच्या पडवीत डाळ निवडत होत्या. त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. शोरूम, चीक, हिरवं बटण. सगळं.

त्यांचा हात थांबला नाही. खडे काढत राहिल्या. मग म्हणाल्या,

"मी दोनदा म्हने त्यासले, डॉक्टरले देखाडी या."

मी मान खाली घातली.

"तुन्हा काका म्हनेत, 'काय गरज शे? आपला भाऊनी देखी लिधं.'"

एवढंच. भाऊने बघून घेतलं, म्हणून नाना गेले नाहीत. पुढे काकू रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "जेवीसन जाय."

घड्याळ अजून कपाटात आहे. मी चार्ज केलं. ते बटण अजून डावीकडेच आहे. मी त्याला हात लावला नाही.

उद्यापासून कुणी काही विचारलंत तर मला जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगेन. मेसेज करून चिडवू नका.

नाना, काच साफ होती. तुम्ही बरोबर बघितलं होतं.

श्रद्धांजली बाकीचे वाहतील. मला तेवढी माफी मागू द्या.