हापूसला दिलेली धमकी

झाडाला कान नसतात. हे मी आजही ठामपणे सांगतो; फक्त आमच्या घरात ते आता कोणी ऐकून घेत नाही.

सत्तरच्या दशकात मी कोयनानगरच्या वसाहतीत नोकरीला होतो. तिथे पाऊस पडत नसे, मुक्कामाला येत असे. चपलांना बुरशी, पापडांना बुरशी, माझ्या पुस्तकांना तर हिरवी लव! असल्या हवेत मी क्वार्टरमागे हापूसचं कलम लावलं आणि भर पंगतीत सासऱ्यांना बोलून बसलो, "मामा, माझ्या झाडाचा आंबा तुम्हाला खाऊ घालीन!"

सासरे वडूजचे, फौजेतले निवृत्त सुभेदार. दिलेला शब्द म्हणजे त्यांच्या लेखी हुकूम. दर उन्हाळ्यात येऊन झाडाखाली उभे राहायचे आणि विचारायचे, "पावनं, आंबा कुटं हाय?"

आंबा नव्हता. पाला होता! पाणी पिऊन पिऊन झाड असं माजलं, की भरदुपारी खाली कंदील लागावा. मोहोर दिसायच्या आत धुक्याने काळा पडायचा. वसाहतीतल्या प्रत्येक सत्यनारायणाला डहाळे मात्र आमच्याकडून. (प्रसाद कधी आमच्याकडे पोचला नाही, हे जाता जाता.)

शेवटी एका उन्हाळ्यात सुभेदारांनी पिशवीतून कुऱ्हाड काढली.

"झाडाला जरा भ्या दाखवाय लागतं. मी कुऱ्हाड उगारून म्हननार, 'फळ देत न्हाईस तर तोडतो तुला!' तुमी मधी पडून हात जोडायचं. 'ऱ्हाऊ द्या मामा, फुडल्या साली धरंल.' मग मी कुऱ्हाड खाली घेनार. झालं!"

"मामा, मी शिकलेला माणूस. झाडापुढे नाटक करू?"

"एकच वाक्य आहे हो," माझी बायको विमल म्हणाली. "तेवढंही पाठ होत नाही का?"

बातमी फुटली. कुंपणाशी निम्मी वसाहत जमली. शेजारच्या पाटीलवहिनी तर खुर्ची घेऊन! सुभेदारांनी कुऱ्हाड उगारली आणि असे गरजले, की आता आपणच एखादं फळ द्यावं असं मला वाटून गेलं.

आता पाळी माझी. पण एवढे श्रोते आयते जमलेले पाहून माझ्यातला विवेकवादी जागा झाला. हात जोडायचे सोडून मी लोकांकडे वळलो.

"मंडळी, वनस्पतीला कान नसतात..."

"आवं, म्हना की!" मागून सुभेदार.

"थांबा मामा. तर मंडळी, फळ धरण्यासाठी झाडाला..."

"पावनं, हात भरून आलं! मधी पडताय का न्हाई?"

"असल्या खुळचटपणात मी मध्ये पडणार नाही!" मी तावातावाने ओरडलो आणि टाळ्यांसाठी थांबलो.

आवाज झाला, पण तो टाळ्यांचा नव्हता. खाड्! खाड्! मी वळेपर्यंत मधली मोठी फांदी भुईवर!

"मामा! खरंच तोडलंत?"

"मग? तोडतो म्हनून मोकळीच खाली घेतली, तर झाड उद्या माजं ऐकंल व्हय?"

विमलचा राग त्या दिवशी ताटात उतरला. भाजीत मीठच नव्हतं.

आणि त्याच हिवाळ्यात झाड मोहरलं! उन्हाळ्यात टोपलीभर आंबे उतरले. मी घसा फोडून सांगत होतो, "मधली फांदी गेली, ऊन-वारा आत शिरला, मोहोर कुजला नाही! याला शास्त्र म्हणतात!"

"व्हय, पन फांदी कुनी काडली?" सुभेदारांनी कोय चोखत विचारलं. वर, "जरा आंबटच हाय."

तेव्हापासून वसाहतीत कुणाचं झाड रुसलं की सुभेदारांना बोलावणं जायचं. हा सगळा अडाणीपणा आहे, हे माझं मत कायम आहे. फक्त सासऱ्यांनी कुऱ्हाड खांद्यावर घेतली, की मी चहा अर्धा टाकून त्यांच्या पुढे धावायचो. एकदा पाटीलवहिनींच्या लिंबासाठी हात जोडले, तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी विनवणी काय छान करतात! डोळ्यांत खरंखुरं पाणी असतं!"