बोलणारी विहीर

तीर्थपुरीजवळ दुष्काळी कामावर मी पत्रकं वाटायला गेल्तो. दुपारच्या सुट्टीत खडी फोडणाऱ्या बाया विहिरीकडे धावल्या. एक मात्र जागेवरच बसून जादूच्या गोष्टींचं जुनं पुस्तक वाचत होती.

मी चिडून विचारलं, "ताई, राक्षस-पऱ्या कशाला वाचता? लेखक तरी कोण?"

"नाव न्हाई माहीत, भाऊ. पहिलं पानच फाटलंय. पण माझा आवडता हाय. याच्या गोष्टीतली विहीर बोलती. तहानलेलं कुणीबी आलं की म्हणती, ये, पी."

"आणि इथली?"

"इथली बोलत न्हाई. माणसंच बोलत्यात, आम्हाला लांब व्हा म्हणून."

पान उलटायला तिनं बोट जिभेला लावलं. जीभ कोरडीच होती. माझ्या हातातल्या पत्रकावर 'समता' मोठ्या अक्षरांत छापली होती.