जखम भरत आली होती
नर्स म्हणून माझी पहिली नेमणूक पलूसकडच्या एका दवाखान्यात झाली. माझ्या फेरीतल्या एका गावात एक फौजी अंथरुणाला खिळून होता. लढाईत त्याच्या पाठीचा कणा मोडला होता. लष्करी इस्पितळातून त्याला घरी पाठवलं, तेव्हा कमरेखालचं अंग गेलेलंच होतं. डॉक्टर मला म्हणाले, "जाता-येता त्याची पट्टी बदलत जा."

आमचं घर बौद्ध. मी पोचायच्या आधीच गावाला ते ठाऊक झालं होतं. फौजीची आई उंबऱ्यातच उभी राहिली.

"औषिद हितंच द्या. सून लावंल."

आतून त्याचा आवाज आला, "आई, फौजेत आमी एका ताटात जेवलोय. येऊ दे त्यास्नी."

ती बाजूला झाली. आत त्याची बायको उशाशी बसली होती, माझ्याच वयाची. पडून पडून त्याच्या पाठीखाली झालेल्या जखमेवर तिनं हळद आणि तेल थापलं होतं. मी वैतागले.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला हुतं कोन?" ती म्हणाली. "तुमी आज आलाय, बाई. मी रोज हाय."

मी गुमान जखम धुतली. तो डोळे मिटून, भिंतीकडं तोंड करून पडला होता. निघताना त्याची बायको माझ्यामागं अंगणात आली. "काय करनार ते आदी त्यास्नी सांगत जावा. परक्या बाईचा हात लागला की लाजत्यात. मग दिसभर जेवत न्हाईत."

पुढच्या खेपेला मी त्याच्याशी बोलत बोलत काम केलं. त्यानं मान हलवली, एकदोन प्रश्नही विचारले. मग मी तिला शेजारी बसवलं. जखम कशी धुवायची, लघवीची नळी कशी स्वच्छ ठेवायची, ते दाखवलं. पण एकाच अंगावर पडून राहिला तर जखम भरणार नव्हती, आणि त्याला कुशीवर वळवणं तिला एकटीला जमत नव्हतं.

"सासूबाईंना बोलवा," मी म्हटलं.

"त्या बगत न्हाईत. लेकाची जखम बघितली की त्यांचं हातपाय गळत्यात."

तरी म्हातारी आली. मी तिचे दोन्ही हात धरून लेकाच्या खांद्याखाली ठेवले. तिनं ते मागं घेतले नाहीत. सुनेनं कंबर धरली, मी पाय. तो हसला.

"तिगींनी मिळून माजी परेड लावलीया."

त्यानंतर मी नसतानाही त्या दोघी त्याला वळवत राहिल्या. जखम कोरडी पडू लागली. सून मला दारातच सांगायची, काल किती जेवले, कुठं लाल दिसतंय. मी त्याप्रमाणे औषध आणायची.

ऊसतोडीच्या दिवसांत त्याला ताप भरला. लघवीत पू झाला होता. डॉक्टर येऊन इंजेक्शनं देऊन गेले, सांगलीला हलवा म्हणाले. तो म्हणाला, "आता इस्पितळ नगं. घरात ऱ्हाऊ द्या." ताप काही उतरला नाही.

एका सकाळी मी गेले, तर अंगणात माणसं जमलेली. तो पहाटेच गेला होता. परगावाहून आलेल्या त्याच्या भावानं मला अडवलं.

"आता तुमचं काय काम न्हाई, बाई."

म्हातारी आतून बाहेर आली. "हाय," ती म्हणाली. "नळी काढायची हाय."

मी नळी काढली. बायको म्हणाली, "पट्टीबी नवी बांधा." आम्ही तिघींनी त्याला कुशीवर घेतलं. जुनी पट्टी सोडली, तर जखम जवळजवळ भरलेली होती. तोवर बायको रडली नव्हती. ती जखम बघून तिनं हंबरडा फोडला.

काही दिवसांनी मी त्या वाटेनं जाताना आत डोकावले. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. "बाई, ह्या हातांचं काय करू, कळत न्हाई," ती म्हणाली. मी तिच्याजवळ बसून राहिले.

पुढं माझी खंडाळ्याला बदली झाली. ती औंधाकडं माहेरी गेल्याचं नंतर कानावर आलं.