अँप्लिफायर तापेपर्यंत

रोह्याच्या आमच्या बेंजो पार्टीतला हा बेंजोवाला सूर काढण्याआधी अँप्लिफायरवर तळहात ठेवतो. जुना अँप्लिफायर व्हॉल्व्हचा होता, तापल्याशिवाय बोलायचा नाही. यंदा मी ट्रान्झिस्टरचा आणला. बटण दाबलं की लगेच सुरू, हे त्याला दहादा सांगितलं. तरी पेणच्या मिरवणुकीत गणपती ट्रकवर चढला, नाचणारी पोरं खोळंबली आणि हा आपला हात ठेवून उभा.

"अरे, हा तापत नाय," मी म्हणालो.

"म्हणून तर थांबलोय."

वैतागून मी हातातला चहाचा गरम ग्लास अँप्लिफायरवर आदळला. थोड्या वेळाने त्याने ग्लास उचलून तिथे तळहात टेकवला.

"आता वाजवू."

आणि मेल्याचा सूर जुन्याइतकाच गोड निघाला.