इंदूताईंच्या खोलीतली दुपार

इंदूताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, आणि त्यांच्या कार्याविषयी लिहावं असं गौरव समितीने मला सांगितलं आहे. 'कार्य' हा शब्द कानावर पडला की ताई चहा टाकायला उठतात. तेव्हा मी आपली आमची ओळख कशी झाली तेच सांगते.

मी सहा वर्षांची होते. पारोळ्याहून येऊन आम्हाला सुरतेच्या गोडादऱ्यात वर्षही झालं नव्हतं. वडील लूमच्या कारखान्यात रातपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. घर म्हणजे एकच खोली, त्यामुळे आईचा सारा दिवस मला गप्प बसवण्यात जायचा. मी हसले तरी ती दचकायची. भांडं पडलं की माझ्या पाठीत धपाटा बसायचा, आणि मग तीच भिंतीकडे तोंड करून रडायची. गावी तिच्या अवतीभवती जावा-नणंदा होत्या. इथे शेजारीण गुजरातीत बोलायची आणि आई नुसती मान हलवायची.

ताई गल्लीच्या टोकाला राहत. साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचं काम त्या बायकांना वाटून देत. एका दुपारी काम घेऊन आल्या, कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे त्यांनी पाहिलं आणि हलक्या आवाजात आईला म्हणाल्या, "काम मना घर लई ये. पोरले बी लई ये."

त्यांच्या खोलीत बायका खाली मान घालून टिकल्या लावायच्या आणि आम्ही पोरं वाट्टेल तेवढा दंगा करायचो. घरमालक ओरडला की ताई त्याला अस्खलित गुजरातीत दोन शब्द सुनावत आणि मागोमाग चहा पाठवत. तो चहा सुरती डाळीपेक्षा गोड असे, बहुधा त्यानेच त्याचं तोंड बंद होई.

आईपण कसं करावं हे ताईंनी कुणाला शिकवल्याचं मला आठवत नाही. एकदा एका बाईने पोराला जोरात मारलं. बाकीच्या तिला बोलणार, तेवढ्यात ताईंनी त्यांना थांबवलं आणि त्या बाईला विचारलं, "सकायपाईन काही खादं का?" तिने खाल्लं नव्हतं. आज मी शाळेत शिकवते. एखादी आई मुलाला फरफटत घेऊन आली की मी आधी हेच विचारते.

त्या हिवाळ्यात मला गावी आजीकडे ठेवायचं आईने ठरवलं. आमच्या गल्लीत बरेच जण तसं करत. पिशवी भरून ती ताईंना सांगायला गेली, मी तिच्या मागे.

"मी हाई पोरले गावले सोडी येस," आई म्हणाली. "आठे मना हात उठस तिनावर."

ताईंनी सांडलेल्या टिकल्या वेचून वाटीत टाकल्या. मग म्हणाल्या, "मी मना पोऱ्याले गावले सोडेल व्हता. तीन सालमा आठे परत लई उनू. तरी रोज संध्याकायले तो माले इचारे, घर कव्हय जावानं?"

आईने घरी येऊन पिशवी रिकामी केली. तिचा हात उठणं लगेच थांबलं नाही, पण मी तिच्याजवळ वाढले.

ताईंचे चिरंजीव सुरतेजवळच हजीऱ्याला नोकरी करतात. दिवाळीला येतात, पाणी पितात, तब्येत विचारतात आणि निघतात. मागच्या दिवाळीत ताईंनी मला फोन केला, "त्याले गोड काय आवडस?" मला कसं ठाऊक असणार? त्यांनी श्रीखंड, बासुंदी आणि सुतरफेणी तिन्ही आणून ठेवलं होतं. टिकल्यांचं काम आता मशीनवर गेलं, बायका येईनाशा झाल्या. मी रविवारी जाते. उरलेला आठवडा ती खोली शांत असते, आणि त्या शांततेचं मला फार वाईट वाटतं.

गौरवलेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. ते मी मनापासून चिंतते. ताईंचे गुडघे, डोळे आणि तो गोड चहा शाबूत राहोत. पण एकट्या माणसासाठी नुसती वर्षं मागताना माझा हात अडखळतो. म्हणून उरलेलं ताईंच्या मुलाला लिहिते. दादा, त्यांनी तुम्हाला गावी ठेवलं हे खरं. तुम्ही लहानपणी रोज जे विचारलंत, ते माझ्या आईने ताईंच्या तोंडून ऐकलं, म्हणून मला माझी आई मिळाली. तुमच्या आईंकडे एकदा राहायला या.

हे सारं लिहू का, असं मी ताईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "लिखी टाक. तो वाची तरी."